दोन कलमे

आमच्या उर्दू शाळेत 'कलम' म्हणजे लेखणी. पहिलीच्या मुलांना 'काफ' हे अक्षर शिकवताना आम्ही फळ्यावर कलमाचेच चित्र काढतो. मराठीत या शब्दाला दुसराही अर्थ आहे, कायद्याचे कलम. उर्दूत त्याला 'दफा' म्हणतात. त्यामुळे आमच्या मुलांच्या मनात हे दोन अर्थ सहसा एकमेकांना भेटत नाहीत. ते भेटतात एखाद्या घरी पोलिसांचा निरोप आल्यावर. मग सगळी गल्ली एकच प्रश्न विचारते, "कोणते कलम लावले?"

काही वर्षांपूर्वी केदारखेड्यात असा एक निरोप आला. आमच्या हाताखाली शिकून गेलेला एक मुलगा दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शहरात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. कुणीतरी पाठवलेली मारहाणीची एक चित्रफीत त्याने तीन गटांवर पुढे पाठवली. चित्रफितीखाली लिहिले होते की ही घटना गेल्या शुक्रवारची, इथलीच आहे. प्रत्यक्षात ती परराज्यातली आणि बऱ्याच वर्षांपूर्वीची होती. मुलाने स्वतः एक अक्षरही लिहिले नव्हते. तिथल्या ठाण्यात त्याला दिवसभर बसवून ठेवले आणि त्याचा फोन ठेवून घेतला.

कापूस वेचणीचे दिवस होते. त्याचे वडील शेतातून तसेच आमच्याकडे आले. म्हणाले, "सर, तुमे पढेलिखे. अब तुमीच बोलो, क्या करना?"

आम्ही काय सांगितले? "माफी लिहून द्या. फोनमध्ये असले काही ठेवूच नका. गप्प बसा." एवढेच. प्रकरण तिथेच मिटले. पण काही दिवसांनी मुलगा गावी आला आणि शाळेच्या फाटकाशी उभा राहून त्याने विचारले, "सर, बोलने का हक है करके आपनेच पढाया था ना? फिर मेरी गलती क्या थी?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही बी.एड. झालेलो, पाठ टाचण काढतो, संविधानाच्या १९व्या कलमातली स्वातंत्र्ये मुलांकडून घोकून घेतो. पण त्या मुलाची चूक कायद्याची होती की नीतीची, की दोन्हींची, की मुळात चूकच नव्हती, हे आम्हाला सांगता येईना. आम्ही त्याला हक्क शिकवला होता, आणि हक्काची वेळ आली तेव्हा गप्प बसायला सांगितले होते. या दोहोंपैकी एक शिकवण नक्कीच खोटी होती.

हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

*

उत्तर शोधताना आम्हाला वारंवार एका माणसाकडे जावे लागले. त्यांनी आयुष्यात दोन्ही कलमे हाती धरली. आधी वृत्तपत्र काढले, मग कायद्याचे अध्यापन केले आणि पुढे देशाचा कायदा लिहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण घटनाकार म्हणून ओळखतो. पण घटनेतले बोलण्याचे कलम ज्यांच्या देखरेखीखाली घडले ते स्वतः संपादक होते, हे आपण पुष्कळदा विसरतो. मराठवाड्याला ते परके नाहीत. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तिथे मुसलमान घरांतली मुलेही शिकली.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली. पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला, असे आंबेडकरांनीच पुढे लिहिले. ज्यांच्यासाठी पत्र होते ते मुके नव्हते, त्यांचे बोलणे छापायला कुणी तयार नव्हते. आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या पत्रावर संपादक म्हणून आंबेडकरांचे नाव नव्हते. ते तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम या सरकारी महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. म्हणून पांडुरंग भटकर यांचे नाव संपादक म्हणून लागले. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघाला तेव्हा मात्र आंबेडकर स्वतःच्या नावाने संपादक झाले. चोवीस-चोवीस रकाने ते एकहाती लिहीत. पैशाअभावी १९२९ साली तेही पत्र बंद पडले.

याच काळात, १९२८ साली, ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात शिकवू लागले आणि १९३५ साली तिथले प्राचार्य झाले. आज विधी विद्यापीठांत 'प्रसारमाध्यमांचा कायदा' हा स्वतंत्र विषय असतो. तेव्हा तसा विषय नव्हता. पण बदनामी, अश्लीलता, राजद्रोह ही कलमे होतीच आणि ती वृत्तपत्रांवर लावली जात होतीच. आंबेडकरांनी ती न्यायालयात उभे राहून हाताळली.

दोन खटले सांगतो. दिनकरराव जवळकर यांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर तुटून पडणारे. भाषा इतकी जहरी की अनेकांना अर्वाच्य वाटावी. १९२६ साली लेखकाला आणि प्रकाशक केशवराव जेधे यांना शिक्षा झाली. अपिलात आंबेडकर उभे राहिले आणि आरोपी सुटले. दुसरा खटला १९३४चा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा आरोप आला. त्या काळी कर्व्यांच्या बाजूने उभे राहणे म्हणजे स्वतःच्या अब्रूवर शिंतोडे घेणे. आंबेडकर उभे राहिले. हा खटला मात्र ते हरले.

या दोन खटल्यांतून आम्ही एक धडा घेतला. एखाद्याच्या बोलण्याच्या हक्काची बाजू घेणे म्हणजे त्याच्या बोलण्याची बाजू घेणे नव्हे. जवळकरांची भाषा ही आंबेडकरांची भाषा नव्हती. आमच्या मुलाच्या वेळी आम्ही हा फरक केला असता तर त्याच्या वडिलांना असे सांगता आले असते : "पोराने चूक केली आहे, ती आम्ही त्याला सांगू. पण त्याला कोणत्या कलमाखाली बोलावले, ते लेखी विचारण्याचा तुमचा हक्क आहे. चला, आम्ही बरोबर येतो." आम्ही चुकीचे कारण पुढे करून हक्कही सोडून दिला.

*

आता खरी अडचण. १९४८च्या डिसेंबरात संविधान सभेत बोलण्याच्या कलमावर चर्चा झाली. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा उल्लेख वेगळा करावा, अशी काही सदस्यांची मागणी होती. २ डिसेंबरला आंबेडकरांनी ती अमान्य केली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की नागरिकाला नाहीत असे कोणतेही खास हक्क वृत्तपत्राला नाहीत. संपादक हाही नागरिकच, आणि तो लिहितो तेव्हा नागरिकाचाच हक्क वापरतो. मग वेगळा उल्लेख कशाला?

एक माजी संपादक संपादकांना वेगळा हक्क नाकारतो, हे वरवर विचित्र वाटते. पण 'मूकनायक' आठवला की अर्थ उलगडतो. मोठ्या पत्रांना खास हक्क दिला असता तर ज्यांची जाहिरातही कुणी छापत नव्हते त्यांच्या वाट्याला काय आले असते? हक्क छापखान्याच्या मालकाला न देता माणसाला दिला म्हणूनच तो केदारखेड्याच्या पोरापर्यंत पोहोचला.

पुढचा भाग पचायला कठीण आहे. १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. एक मुंबईच्या 'क्रॉस रोड्स' या डाव्या साप्ताहिकाचा, दुसरा दिल्लीच्या 'ऑर्गनायझर'चा. दोन्हींत पत्रांवरची सरकारी बंधने रद्द झाली. यावर उपाय म्हणून सरकारने १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती आणली. सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आणि गुन्ह्याला चिथावणी ही बंधनाची नवी कारणे बोलण्याच्या कलमाला जोडली गेली. कायदामंत्री आंबेडकर होते आणि संसदेत या दुरुस्तीचे समर्थन त्यांनी केले. आमच्या मुलाला ज्या दाराने आत बोलावले, ते 'सार्वजनिक सुव्यवस्थे'चे दार तेव्हा उघडले.

ज्याने एकदा लेखणी धरली त्याने कायद्याच्या खुर्चीवर बसल्यावर लेखणीला बांधावे काय? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. आमचे मत असे. ज्या माणसाने वस्त्या पेटताना पाहिल्या आहेत, जमाव शब्दांनी कसा भडकतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला बेबंद बोलणे हे स्वातंत्र्य वाटत नाही. नुकतीच फाळणी झाली होती. शिवाय त्याच दुरुस्तीने 'वाजवी' हा एक शब्दही त्या कलमात घातला. बंधन घालायचे तर ते वाजवी हवे, आणि वाजवी आहे की नाही हे न्यायालय तपासणार. दार उघडले, पण दारावर पहारेकरीही ठेवला. तरीही आम्हाला वाटते की दार गरजेपेक्षा रुंद झाले. पहारेकरी मुंबई-दिल्लीच्या न्यायालयात बसतो, आणि बोलावणे येते गावात. ज्याच्याजवळ वकिलाची फी नाही त्याच्यासाठी 'वाजवी' हा शब्द पुस्तकातच राहतो. बाबासाहेबांबद्दल नितांत आदर ठेवूनही हे म्हणता येते, आणि म्हणावे, असे आम्हाला वाटते.

*

कायद्याने एवढे दिले. कायद्यापलीकडे काय उरते, याची दोन उदाहरणे उर्दूने दिली आहेत.

१९०८ साली टिळकांना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली हे मराठी वाचकाला माहीत आहे. त्याच वर्षी अलिगडला 'उर्दू-ए-मुअल्ला'चे संपादक हसरत मोहानी यांनाही राजद्रोहाखाली तुरुंगात टाकण्यात आले. कारण होते इजिप्तमधल्या इंग्रजी शिक्षणनीतीवरचा एक लेख. तो त्यांनी लिहिला नव्हता. लेखकाचे नाव विचारले तेव्हा त्यांनी ते सांगितले नाही, जबाबदारी स्वतःवर घेतली आणि तुरुंगात चक्की पिसली. चाळीस वर्षांनी हेच मौलाना आंबेडकरांबरोबर संविधान सभेचे सदस्य होते. आमच्या मुलाच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. मुलगा म्हणत होता, 'मी लिहिले नाही, फक्त पुढे पाठवले.' मौलानांनीही लिहिले नव्हते, फक्त छापले होते. पण ते म्हणाले, जे माझ्या हातून लोकांपर्यंत गेले ते माझे.

दुसरे उदाहरण आमच्या घराजवळचे. आजचा जालना जिल्हा १९८१ साली औरंगाबादमधून वेगळा झाला, पण १९४८ साली हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या ऑगस्टमध्ये हैदराबादला 'इमरोज' या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. संस्थानाने भारतात सामील व्हावे असे ते लिहीत, हा त्यांचा गुन्हा. मारणारे रझाकार होते. ज्या हाताने ते लिहीत तो हातही तोडला. त्यांना कोणत्याही सरकारी कलमाने गप्प केले नाही. आपल्याच लोकांनी गप्प केले. बोलण्याच्या स्वातंत्र्याची तक्रार करताना आपण नेहमी सरकारकडे बोट दाखवतो. आपल्या मोहल्ल्यात, आपल्या जमातीत वेगळे बोलणाऱ्याचे आपण काय करतो, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

पुढच्याच महिन्यात पोलीस ॲक्शन झाली आणि नंतर मराठवाड्याच्या गावागावांत मुसलमानांवर जे गुदरले त्याची चौकशी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी केली. यातले काझीसाहेब स्वतः उर्दू पत्रकार, 'पयाम'चे संपादक. त्यांचा अहवाल २०१३पर्यंत सामान्य अभ्यासकाला पाहायला मिळत नव्हता. आमच्या घरांतले म्हातारे 'चुप बैठो' म्हणतात त्यामागे ही साठ-पासष्ट वर्षांची बंद फाइल आहे. म्हणून त्या चुप्पीला आम्ही भेकडपणा म्हणणार नाही. पण ती वारसा म्हणून मुलांच्या हाती देणेही आम्हाला बरोबर वाटत नाही.

*

आता मुलाच्या प्रश्नाकडे येतो. आंबेडकर म्हणाले, वृत्तपत्राचा हक्क म्हणजे नागरिकाचाच हक्क. त्यांच्या काळी हे तत्त्व होते. आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे, म्हणून ते रोजचे वास्तव झाले आहे. पण हक्क सगळ्यांकडे आला तर संपादकाचे ओझेही सगळ्यांकडे यायला हवे. ते आलेले नाही. १८६७च्या कायद्याने प्रत्येक पत्रावर मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचे नाव छापणे बंधनकारक केले होते. त्याच्या जागी २०२३चा नवा कायदा २०२४ पासून लागू झाला. इंग्रजांचा हेतू लगाम घालण्याचा असेल, पण त्या नावात नीतीही होती : बोललास तर समोर ये. पुढे पाठवलेल्या निरोपाखाली कुणाचेच नाव नसते.

बातमी आणणाऱ्याची पारख केल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका, नाहीतर नकळत कुणाचे नुकसान कराल आणि पस्तावाल, ही ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. हदीस गोळा करणाऱ्यांनी तर कुणी कुणाकडून ऐकले याची साखळी तपासण्याचे 'इस्नाद' हे शास्त्रच उभे केले. ज्यांच्याकडे ही परंपरा आहे त्यांच्या पोरांनी न पाहता चित्रफीत पुढे पाठवावी, यासाठी दोष द्यायचा तर आधी शिकवणाऱ्यांना द्यावा लागेल.

मुलाची चूक ती. पण चूक आणि गुन्हा यांत अंतर आहे, आणि ते अंतर ओळखायला शिकवणे हेच माध्यमांच्या कायद्याचे खरे काम. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक मजकुरावरून अटक झाली. ते पाहून कायदा शिकू पाहणारी एक तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम रद्द झाले. त्या निकालाने बोलण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या : चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही कडू असल्या तरी त्यांना संरक्षण आहे. कायद्याचा हात तिसरीपाशी पोहोचतो. २८ मार्च २०२५ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले शायर इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा एका उर्दू कवितेबद्दलचा गुन्हा रद्द केला. शब्दांचा परिणाम खंबीर आणि समंजस माणसाच्या नजरेने मोजावा, जिकडेतिकडे धोका पाहणाऱ्याच्या नजरेने नव्हे, हे जुने तत्त्व त्यांनी पुन्हा सांगितले. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या अशा प्रकरणांत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करणे उचित, असेही सांगितले. हे सारे आमच्या मुलाला ठाऊक असते तर? आम्हालाच ठाऊक नव्हते.

हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात माडभूषी श्रीधर यांनी हा विषय वर्षानुवर्षे शिकवला. तेही आधी तेलुगू पत्रकार होते, पुढे केंद्रीय माहिती आयुक्त झाले. लेखणी झिजवलेला माणूस कायदा शिकवतो तेव्हा त्याला कलमामागचा माणूस दिसतो, असे आम्हाला वाटते. पण ही विद्या विधी विद्यापीठात अडकून राहू नये. तिचे पहिले चार धडे आठवीच्या वर्गात यायला हवेत.

म्हणून शनिवारच्या सकाळच्या शाळेत आम्ही अर्धा तास काढतो. एक उर्दू आणि एक मराठी वर्तमानपत्र मुलांपुढे ठेवतो. बातमी वाचून तीन प्रश्न विचारायचे. हे कुणी सांगितले? तो तिथे होता का? हेच तू खाली स्वतःचे नाव लिहून लोकांना देशील का? मग चर्चा कुठे संपते आणि चिथावणी कुठे सुरू होते, यावर मुले भांडतात. शेवटी ठाण्याचे बोलावणे आले तर नोटीस लेखी मागायची, वाचल्याशिवाय सही करायची नाही आणि घरच्यांना व वकिलाला कळवायचे, एवढे सांगतो.

तो मुलगा ईदला आला तेव्हा त्याला सांगितले, "तुझी चूक एकच, तू पारख केली नाहीस. पण बोलणे ही तुझी चूक नव्हती. तुला गप्प बसवले ही चूक आमची." तो हसला. म्हणाला, "सर, आप भी तो अखबार में नाम नहीं देते."

खरे होते. उर्दू शाळांतल्या रिक्त जागांवर आम्ही वर्तमानपत्राला पत्रे पाठवली होती, ती 'एक शिक्षक' या नावाने. नोकरीचे नियम असतात, पोटाचा प्रश्न असतो. 'मूकनायक'वरही दुसऱ्याचेच नाव होते, अशी आम्ही मनाची समजूत घातली. पण 'बहिष्कृत भारत' नाव घालून निघाला, हेही आम्हाला माहीत आहे. या लेखाखाली आम्ही आमचे पूर्ण नाव लिहून दिले आहे.